रत्नपरीक्षेचा शनिवार-रविवारचा कोर्स: सुटे खडे झकास, अंगठीतले रामभरोसे

सांगलीत आमची सराफी पेढी आहे. सोन्याची पारख सासऱ्यांनी हाताला धरून शिकवली, पण खड्यांच्या बाबतीत घरात सगळा आनंदच. खडे जयपूरहून येतात आणि पुडीवर जे लिहिलेलं असतं तेच आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. मला ते पटेना, म्हणून मुंबईतल्या एका संस्थेचा रंगीत खडे ओळखण्याचा कोर्स केला. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

पैसे वसूल झाले ते रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते मोजणाऱ्या यंत्रावर. काचेवर उग्र वासाच्या द्रवाचा अगदी लहानसा थेंब, त्यावर खड्याची सपाट बाजू, आणि डोळा लावला की मोजपट्टीवर सावलीची कड दिसते. माणिक फिरवत राहिलं की ती कड हलते, 1.762 आणि 1.770 अशी दोन मापं मिळतात. शेजारचा तसाच लालभडक खडा कितीही फिरवा, 1.718 ला ठाम. तो स्पिनेल, माणकासारखं दिसणारं वेगळंच खनिज. ब्रिटिश राजमुकुटातलं प्रसिद्ध ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ही खरं तर स्पिनेलच आहे, तेव्हा आपल्याकडच्या पुड्यांना किती नावं ठेवायची! पुष्कराजाचंही तेच. 1.76 च्या आसपास माप आलं तर पुष्कराज (म्हणजे पिवळा नीलम), 1.62 आलं तर टोपाझ, 1.55 च्या आसपास आलं तर सुनेला (म्हणजे पिवळा स्फटिक). रंग तिघांचाही पिवळाच.

भिंगाचे तास त्याहून मजेचे. दहापट भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं, दुसरा डोळा उघडा ठेवायचा आणि खडा पुढे आणायचा. गोमेदच्या पोटात साखरेच्या पाकात पाणी ओतल्यावर उठतात तशा लहरी दिसल्या, आणि मग गोमेद ओळखायला पुस्तक लागेना. काच भरलेलं माणिक तिरपं केलं की भेगेतून निळी झाक चमकून जाते, आत चपटे बुडबुडे असतात. 2004 च्या सुमारापासून हा माल बाजारात आला. तो कारागिराच्या फुंकणीच्या आचेनंच काय, लिंबाच्या रसानंही बिघडतो. ही एक गोष्ट आमच्या कारागिराला सांगितली तेवढ्यानंच माझ्या फीचं सार्थक झालं.

आणखी एक समज तिथे मोडला. ‘आजीच्या काळातलं आहे, म्हणजे खरंच असणार’ हे आम्ही काउंटरवर रोज ऐकतो. पण व्हर्न्यूल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ज्योतीत वितळवून माणिक बनवण्याची कृती 1902 मध्येच जाहीर केली होती. आजीच्या कुडीतलं माणिकही कारखान्यातलं असू शकतं. भिंगातून वाकड्या, कमानीसारख्या रेषा दिसल्या तर ते तसंच. खाणीतल्या माणकात रंगाचे पट्टे सरळ किंवा कोनात वळलेले असतात.

आता तक्रारी. यंत्रं कमी, विद्यार्थी जास्त. ज्याचा आवाज मोठा त्याला रिफ्रॅक्टोमीटर आधी. नोट्स सगळ्या इंग्रजीत. सरांचं हिंदी छान होतं म्हणून निभावलं. आणि सगळ्यात मोठी गोची म्हणजे शिकवलं सगळं सुट्या खड्यांवर. पेढीवर खडा येतो तो अंगठीत बसूनच. कोंदणाची कड वर आली असेल तर खडा काचेला टेकत नाही, मग माप कसलं घेणार? पाण्यात तोलून घनता काढणंही सुट्या खड्यालाच जमतं. मागून बंद असलेल्या जुन्या कुंदनात खाली चकाकता वर्ख असतो, तिथे रंगावरही भरवसा नाही. यावर मी विचारलं तर ‘खडा काढून तपासा’ असं उत्तर मिळालं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना त्याच्या आईची अंगठी उचकटणार कोण?

चेल्सी फिल्टर, म्हणजे पाचू बघायची रंगीत काच, याबद्दल मात्र सर प्रामाणिक होते. फिल्टरमधून लाल दिसला म्हणजे पाचू अस्सल, ही बाजारातली समजूत त्यांनी पहिल्याच तासाला निकालात काढली. प्रयोगशाळेतला पाचू तर त्यात आणखी लाल दिसतो, आणि झांबियाचा खाणीतला पाचू बहुधा हिरवाच राहतो.

पेढीवाल्यांनी फी भरण्याआधी एकच गोष्ट विचारावी: जडवलेल्या दागिन्यांवर सराव आहे का? भिंग स्वतःचं न्यावं, तिथली ओरखडलेली आहेत. हिऱ्यांच्या पुढच्या कोर्सला मी जाणार नाही. लॅबमधला हिरा आणि खाणीतला हिरा भिंगानं वेगळे काढता येत नाहीत हे सरांनीच सांगितलं, आणि आमच्याकडे हिरा येतो तो प्रमाणपत्र घेऊनच.