मिसळणाचा डबा आणि लेकाची चिमूट : आठ महिन्यांनंतर

आषाढात झड लागली, खाली खेळायला जाणं बंद झालं, तेव्हा चिमटीने दाणे वेगळे करायचा हा उद्योग सुरू केला. लेक तेव्हा सव्वातीन वर्षांचा होता. आधी ऑनलाइन मागवलेला प्लॅस्टिकचा संच वापरून पाहिला होता. त्यातला चिमटा इतका ताठ की त्याची बोटं दोन मिनिटांत दमायची आणि हलके पेले लवंडायचे. शेवटी सात वाट्यांचा जुना मिसळणाचा डबा काढला. ताटात चिंचोके, राजमा आणि पांढरे वाटाणे एकत्र केले आणि एकेक उचलून ज्याच्या त्याच्या वाटीत टाकायला सांगितलं. वाट्या जड, डब्यात घट्ट बसलेल्या, त्यामुळे कलंडत नाहीत.

पहिले पंधरा दिवस तो अख्खी मूठच भरायचा. मग त्याच्या करंगळी आणि अनामिकेखाली कापसाचा बोळा धरायला दिला. तो पडू द्यायचा नाही म्हटलं की ती दोन बोटं आपोआप मिटलेली राहतात आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट एवढीच कामाला लागतात. खरी चिमूट इथून जमायला लागली. दिवाळीत त्याने रांगोळीची रेघ सोडली, वाकडी पण सलग. संक्रांतीच्या सुमारास सदऱ्याची गुंडी स्वतः लावली. वयाचाही वाटा असणारच, पण रोजच्या दहा मिनिटांचा हात त्यात नक्की आहे.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी उभी केली ती अशाच आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर. ते आता हाताने कळतं.

एक मात्र कळकळीने सांगते. तीन वर्षांखालच्या मुलासमोर हे ताट नकोच. दिवाळीला आलेल्या दीड वर्षाच्या भाचीने वाटाणा नाकात घातला. घरी काढायच्या फंदात न पडता दवाखाना गाठला म्हणून निभावलं, कारण ओलाव्याने दाणा आत फुगतो. कच्चा राजमा चावून खाल्ला तर उलट्या होतात, तेव्हा मोठं मूल असलं तरी शेजारी बसा, खेळ झाला की दाणे मोजून उचला.

चिंचोके धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेले, अजून तेच चालू आहेत. वाटाण्यांना कीड लागली, दोनदा बदलले.

सध्या तो डोळे मिटून वेगळे करतो. चिंचोका बोटाला लागताच ओळखतो. नव्याने घातलेला पावटा आणि राजमा यांत अजून फसतो, मग डोळे किलकिले करून बघून घेतो.