फिरत्या शूटिंग बेंचची डुगडुग : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नोव्हेंबरमध्ये घेतलेल्या घडीच्या फिरत्या शूटिंग बेंचला, म्हणजे रायफल टेकवून नेम धरण्यासाठीच्या, मधल्या खांबाभोवती फिरणाऱ्या तीन पायांच्या टेबलाला, आता नऊ महिने झाले. वजन, उंची आणि घडी घालण्याची सोय सर्वांना ठाऊक आहे. मला लिहायचे आहे ते केवळ डुगडुगीविषयी, कारण माझा वेळ आणि माझी चिडचिड तिच्याच पायी खर्ची पडली.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला 10 आणि 25 मीटरवर, वेगवेगळ्या दिशांना, डोंगराच्या दरडीला लागून दोन लक्ष्ये आहेत. न उठता एकीकडून दुसरीकडे वळता यावे म्हणून हा बेंच घेतला. रायफल 4.5 मिलिमीटरची, स्प्रिंगची, म्हणजे स्प्रिंगने पिस्टन ढकलून दाबलेल्या हवेवर छरा सोडणारी. अशा रायफलीत छरा नळीबाहेर पडण्याआधीच पिस्टनचा धक्का बसू लागतो, त्यामुळे डुगडुगते टेबल नेम धरताना त्रास देतेच, शिवाय प्रत्यक्ष बारही बिघडवते.

पहिले तीन महिने मी पायांनाच दोष दिला. तीन पायांचे टेबल खडबडीत जमिनीवरही लंगडत नाही, हे ठाऊक असूनही पायांखाली चिऱ्यांचे तुकडे दिले आणि मधल्या खांबाला 20 किलो वाळूची गोणी टांगली. खालचा सांगाडा घट्ट बसला, पण दुर्बिणीतली फुली श्वासागणिक हलतच राहिली. विक्रेता आधी म्हणाला, फिरणाऱ्या वस्तूत एवढे असायचेच. नंतर म्हणाला, वरचा संपूर्ण भाग बदलावा लागेल. त्याची किंमत बेंचच्या निम्मी! ते मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

फेब्रुवारीत खांब आणि त्यावर फिरणारी नळी यांच्या फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) घालून पाहिला. 0.50 मिलिमीटरची पाती कुठेही न अडखळता आत गेली. नळीची लांबी 120 मिलिमीटर असल्याने टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढे कलते, तेवढ्याने 25 मीटरवर सुमारे 20 सेंटीमीटरचा फरक पडतो. दुर्बिणीतून पाहत आपण तो सावरतो हे खरे, परंतु सगळे लक्ष त्या सावरण्यातच जाते. फोंड्यातील एका लेथवाल्याकडून नळीच्या दोन्ही टोकांना नायलॉनचे बुश (फट भरून काढणाऱ्या कड्या) बसवून घेतले, खर्च 300 रुपये, आणि टेबल शांत झाले. हा अनुभव मी तेव्हाच लिहिला असता, तर सर्वांना नायलॉनच सुचवले असते.

जुलैत टेबल फिरेनासे झाले. नायलॉन हवेतली ओल शोषून फुगते, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात कोरडी हवा मिळायची कुठून? बुशच्या कडांना घासून निघालेला पांढरा भुगा चिकटला होता. लेथवाल्यानेच असेटल या दुसऱ्या प्लास्टिकचे बुश सुचवले, कारण ते ओल फार कमी धरते. त्याचे 450 रुपये दिले. संततधार पावसातही टेबल आता एका बोटाने फिरते आणि कड दाबली तरी कलत नाही.

उरलेला हेलकावा बैठकीचा होता. ती त्याच खांबाला जोडलेली असल्याने माझे वजन सरकले की टेबलही सरकायचे. दोन बोल्ट काढून ती वेगळी केली आणि घरचे लाकडी स्टूल घेतले. न उठता वळण्याची सोय त्यामुळे गेली, याचे वाईट वाटते. पण 25 मीटरवर छऱ्यांच्या भोकांचे गट इतके लहान झाले आहेत की बैठक पुन्हा जोडणार नाही. घेणाऱ्याने दुकानातच टेबलाची कड धरून वर-खाली हलवून पाहावी आणि खांबापाशी टक् असे जाणवल्यास बुशचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.