एटना रोस्सो : सहा बाटल्या, आठ महिने

पहिली बाटली उघडली त्या संध्याकाळी वहीत मी एवढंच लिहिलं होतं : "रंग फिका. आंबटपणा टोचतो. तुरटपणा हिरड्यांना धरून बसतो. सहा घेतल्या, दोन पुरल्या असत्या." त्याला आता आठ महिने झाले. पाच बाटल्या संपल्या आणि वहीची पुढची पानं वाचताना लक्षात येतं, की वाईनमध्ये काही कमी नव्हतं. मी तिला वेळच दिला नव्हता.

आधी वाईन कोणती ते सांगतो. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उत्तर उतारावरची ही एटना रोस्सो, म्हणजे एटनाची लाल वाईन, २०१९ सालची, रान्दात्सो गावाजवळच्या काल्देरारा सोत्ताना या कोन्त्रादातली. कोन्त्रादा म्हणजे आपल्या भाषेत शिवार. एटनावर प्रत्येक शिवाराला नाव असतं, आणि तिथल्या वाईनच्या २०११ च्या नियमावलीत अशी १३३ शिवारं अधिकृत झाली. वाईनरीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे एका खराब बाटलीची गोष्ट येणार आहे आणि तिचं खापर त्यांच्यावर फुटायला नको.

एटना रोस्सो हे नाव लावायचं तर किमान ८० टक्के नेरेल्लो मस्कालेझे द्राक्ष लागतं. उरलेल्यात बहुतेक नेरेल्लो काप्पुच्चो असतं. मस्कालेझे हे नाव पायथ्याच्या मस्काली भागावरून आलं. तिथलं मस्काली गाव १९२८ च्या नोव्हेंबरात लाव्ह्याखाली गेलं आणि नंतर दुसऱ्या जागी वसवावं लागलं. या डोंगरावर शेती करणं म्हणजे काय, ते एवढ्यावरून कळावं.

बाटल्या मी तिथूनच आणल्या, गेल्या ऑक्टोबरात. सिसिलीच्या सखल भागातली तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकलेली असते, पण इथे सहाशे-सातशे मीटर उंचीवर नेरेल्लो अजून वेलीवरच होतं. दुपारी अंगावर नुसता शर्ट पुरत होता आणि सूर्य कलला की स्वेटर शोधावा लागायचा. द्राक्षात साखर भरत असतानाही आंबटपणा टिकून राहतो तो या गार रात्रींमुळे. पहिल्या दिवशी मला टोचला तो हाच आंबटपणा, आणि ही वाईन इतकी वर्षं टिकते तीही बऱ्याच अंशी त्याच्याच जोरावर.

त्या बागेत मांडव नाही, तारा नाहीत. काळ्या दगडांचे बांध घालून पायऱ्या केलेल्या, आणि त्यांवर एकेक वेल सुटी, चेस्टनटच्या खांबाला बांधलेली. या पद्धतीला आल्बेरेल्लो म्हणतात, म्हणजे छोटं झाड. एका वेलीपाशी मी बराच वेळ बसलो. खोड माझ्या पोटरीएवढं जाड, पिळ्यासारखं वळलेलं, एका बाजूने पोकळ. पोकळीत बोट घातलं तर कोरडा भुसा हाताला लागला. वाटावं, हे झाड कधीच गेलं. पण वर पाहिलं तर त्याच वर्षाच्या काडीला चार घड लटकत होते, लहानसेच, निळसर काळे. बाग दाखवणाऱ्या आजोबांनी सांगितलं, या वेली त्यांच्या आजोबांच्या हातच्या. तरण्या वेलीवर याहून कितीतरी जास्त माल धरतो. इथे चारच घड, आणि वेल जे काही देते ते त्या चारांत वाटलं जातं.

या वेली दुसऱ्या खुंटावर कलम केलेल्या नाहीत, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि तेव्हापासून तिथली बहुतेक द्राक्षं अमेरिकी खुंटावर कलम करून लावतात. एटनालाही तिचा फटका बसलाच. पण राख आणि लाव्ह्याच्या वाळूत ही कीड नीट फिरू शकत नाही, म्हणून वाळूच्या जमिनीतले काही तुकडे वाचले. तिथे आजही वेल स्वतःच्या मुळांवर उभी आहे. एखादी मेली तर शेजारच्या वेलीची काडी वाकवून मातीत दाबतात, तिला मुळं फुटली की नवी वेल तयार. आपल्याकडे ज्याला दाब कलम म्हणतात तेच हे. मी तिथली मूठभर माती उचलली तेव्हा ती माती म्हणावी अशी नव्हतीच. काळी, भसभशीत खडी, बोटांच्या फटींतून सगळी सांडून गेली. पाणी क्षणभर थांबणार नाही अशी.

आता पेल्यातली गोष्ट. रंगावर जाऊ नका. नेरेल्लोच्या सालीत रंगद्रव्य कमी असतं, त्यामुळे पेल्यातून पलीकडची अक्षरं वाचता येतात. डोळ्यांना वाटतं हलकी वाईन आहे आणि तोंडात टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, येऊन आदळतं. दुसऱ्या बाटलीला मी शहाणा झालो. फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवली, १६ अंशांच्या आसपास आणली, हवा लागावी म्हणून डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद काचेच्या सुरईत, ओतून दीड तास हात लावला नाही. आंबट चेरी, संत्र्याची वाळलेली साल, आणि मागून विझलेल्या चुलीसारखा एक वास. तुरटपणा होताच, पण आता तो वाईनला पेलून धरत होता.

तिसरी बाटली उघडली आणि खोलीभर ओल्या पुठ्ठ्याचा वास. बुचातल्या टीसीए नावाच्या संयुगाची ही करामत. आरोग्याला अपाय नाही, पण फळाचा सुगंध पार मरतो, आणि हवा देऊन काही उपयोग होत नाही, उलट वास वाढतच जातो. ज्या दुकानातून सहा बाटल्या घेतल्या त्यांना बुचाच्या फोटोसकट कळवलं. उत्तर आलं की उघडलेली बाटली परत घेत नाही. वाईनला बुचाचा वास लागलाय हे न उघडता कोणाला कळणार? या उत्तराचा मला मनापासून राग आला, अजूनही आहे. वाईन ओतून टाकावी लागली. त्या चार घडांची आठवण असताना ते करणं सोपं नव्हतं.

चौथीने मात्र सगळं भरून काढलं. पहिल्या रात्री दोन पेले घेतले, बुच उलटं दाबून फ्रीजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा ओतली. काय सांगू! तुरटपणा रेशमासारखा झाला होता, चेरी आता पिकून गोडसर लागत होती आणि गिळल्यावर जिभेच्या कडांना एक खारट झाक मागे राहत होती. ती बराच वेळ गेली नाही. आठ महिन्यांतला सर्वांत चांगला पेला कोणता म्हणाल तर तो हाच.

या खारटपणाला, चुलीच्या वासाला लोक सर्रास "लाव्ह्याची चव" म्हणतात. मला ते पटत नाही. खडकाची चव मुळांतून शोषली जाऊन द्राक्षात उतरत नाही. ज्वालामुखीने दिलं ते वेगळंच : निचरा, कीड रोखणारी वाळू, गार रात्री देणारी उंची, आणि या सगळ्यामुळे म्हाताऱ्या वेली अजून जिवंत. चव त्यातून येते. मला तरी हे कारण लाव्ह्याच्या कहाणीपेक्षा जास्त सुंदर वाटतं.

पाचवी जेवणाबरोबर प्यायली. एटनाच्या पायथ्याच्या कातानिया शहराचा पास्ता आल्ला नोर्मा केला होता : तळलेली वांगी, टोमॅटो, वरून रिकोत्ता हे खारवलेलं चीज किसून. टोमॅटोच्या आंबटपणापुढे बऱ्याच लाल वाईन बापुड्या होतात, ही अजिबात डगमगली नाही. वांग्याच्या तेलकटपणाने टॅनिनही निवळलं. एक चूक झाली. उन्हाळा होता आणि बाटली टेबलावरच राहिली. तासाभरात वाईन कोमट झाली तशी दारूची उग्रता नाकाला जाणवायला लागली. वीस अंशांच्या वर हिला जाऊ देऊ नका.

घ्यावी का, असं विचारलंत तर ज्यांना दाट, गोडसर, ओकच्या लाकडी पिंपातून आलेला व्हॅनिलाचा वास असलेली लाल वाईन आवडते त्यांना मी ही देणार नाही, त्यांची निराशाच होईल. ज्यांना पिनो न्वार किंवा नेब्बिओलो या द्राक्षांची फिक्या रंगाची लाल वाईन आवडते त्यांनी घ्यावी, आणि एक नाही, निदान दोन घ्याव्यात.

सहावी कपाटाच्या तळाला अंधारात आडवी ठेवली आहे. २०२९ पर्यंत तिला हात लावायचा नाही असं ठरलंय. उघडायच्या आधी दोन दिवस उभी करावी लागेल, कारण पाचवीच्याच तळाशी चमचाभर गाळ निघाला होता.