गोऱ्ह्याला सुई की दोन थान जास्त?

वळू म्हणून राखलेला वर्षाचा गवळाऊ गोऱ्हा अजून गाईच्या अंगावर जात नाही. तेव्हा 'एक टेस्टोस्टेरॉन टोचून द्या', अशी गळ नागपूरकडचा कास्तकार घालतो. हे नराचं संप्रेरक टोचल्यावर गोऱ्ह्यात जोम दिसेलही. पण अंगावर उडणं वेगळं आणि गाय गाभण राहणं वेगळं.

टेस्टोस्टेरॉन बाहेरून मिळालं की मेंदू एलएच आणि एफएसएच ही अंडकोषांना कामाला लावणारी संप्रेरकं सोडायला हात आखडता घेतो. अंडकोष पोसतात ते याच दोघांवर. म्हणजे वरून वळू, आतून रिकामा. परदेशात वजनासाठी कानात बसवतात त्या झेरॅनॉलच्या गोळ्यांचीही हीच गत; कोवळ्या वयात दिल्या तर अंडकोष खुरटतात.

जीएनआरएच या मेंदूतल्याच संप्रेरकाचं काम उलट, ते एलएच वाढवतं. विलायती जातींच्या वासरांना ४ ते ८ आठवड्यांच्या वयात रोज दोनदा टोचलं, तेव्हा ती लवकर वयात आली. महिनाभर रोज दोन सुया म्हणजे साठेक वेळा टोचणं! प्रयोगशाळेत ठीक आहे, गोठ्यात कोण करणार? आणि वर्षाच्या गोऱ्ह्यासाठी ती वेळ कधीच निघून गेली.

कारण खरा खेळ पहिल्या सहा-सात महिन्यांतला. त्या काळात पोटभर मिळालेल्या वासराचा एलएच जास्त उठतो, अंडकोष मोठे होतात, वयही लवकर येतं. पुढे कितीही खुराक घाला, ती कसर पुरती भरत नाही. आपल्याकडे नेमकं उलट चालतं: गाय व्याली, गोऱ्हा झाला, की दूध डेअरीला आणि गोऱ्ह्याला उरलंसुरलं. राखायचा असेल तर दोन थान त्याचे. पुढे हिरवा चारा, खनिज मिश्रण. सरकी ढेप मात्र हात राखून. तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य शुक्राणूंना बाधतं, आणि कोवळ्या नराला जास्त. धान्याचा भडिमारही नको. अंडकोषाच्या वर चरबी साठली की ते थंड राहत नाहीत, आणि नागपूरचा मे तर कुणाची गय करत नाही.

घाई करण्याआधी टेप घ्या. अंडकोषाचा घेर २८ सेंटीमीटरच्या आसपास आला की गोऱ्हा वयात आलाय असं ढोबळमानाने समजतात. गवळाऊसारख्या देशी जाती विलायतींपेक्षा उशिराच येतात. वीर्य तपासायचं तर जूनमधला एकच नमुना पाहून निकाल लावू नका. शुक्राणू तयार व्हायला ६१ दिवस लागतात, उन्हाची झळ त्यात मागून दिसते. पावसाळा उतरल्यावर पुन्हा तपासा.

माझं मत: गोऱ्हा तीन महिन्यांच्या आतला असेल तर सुईचे पैसे दुधात घाला, वर्षाचा असेल तर थांबा. एकच अंड उतरलेलं असेल तर सुई नको आणि वाट पाहणंही नको. तो दोष वंशात उतरतो, त्याला पैदाशीतून काढाच.