माइनक्राफ्ट: १.१६ मधलं जुनं जग १.२१ मध्ये नेल्यानंतरचे काही महिने

माइनक्राफ्ट या ठोकळे (ब्लॉक) रचून जग बांधायच्या गेमच्या कॉम्प्युटरवरच्या जावा एडिशनमध्ये भाचा आणि मी २०२० साली राजगड बांधायला घेतला होता. पद्मावती माची, सुवेळा माची, संजीवनीचे चिलखती बुरूज आणि मधे बालेकिल्ला. पुढे त्याची दहावी-बारावी आली, माझी नोकरी बदलली आणि गेम १.१६.५ वर तसाच पडून राहिला. पुन्हा खेळायचं ठरवलं तेव्हा गेम १.२१ वर पोचला होता. मधे १.१७ ते १.२० असे चार मोठे अपडेट होऊन गेलेले. तेच जग आम्ही नव्या आवृत्तीत नेलं आणि आता बरेच महिने त्यात खेळतोय. सर्व्हायव्हलमध्ये (साहित्य स्वतः मिळवून, जीव वाचवत खेळायच्या प्रकारात) एकेक दगड खणून बांधलेलं काही ज्यांच्याकडे पडून आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी खातं तपासा. जुनी मोजांग (गेम बनवणारी कंपनी) खाती मायक्रोसॉफ्ट खात्यात हलवायची मुदत १९ सप्टेंबर २०२३ ला संपली. ज्यांनी ती हलवली नाहीत त्यांना त्या खात्यातून गेममध्ये शिरता येत नाही. जगाचं फोल्डर मात्र तुमच्याच कॉम्प्युटरवर असतं, ते कुठेही जात नाही. त्यामुळे खातं गेलं म्हणून लगेच विंडोज फॉरमॅट करू नका.

दुसरी गोष्ट लाँचरची, म्हणजे गेम सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरची. त्यातलं 'लेटेस्ट रिलीज' हे इन्स्टॉलेशन कायम सर्वांत नवी आवृत्ती उघडतं. चार वर्षांनी येऊन थेट 'प्ले' दाबलं की तुम्ही नव्या आवृत्तीत असता. जुनं जग निवडल्यावर गेम थांबून इशारा देतो आणि बॅकअप घेऊन उघडायचा पर्यायही देतो. शेजारीच 'आपल्याला सगळं कळतं' अशा अर्थाचं एक बटण असतं. ते कधीही दाबू नका. एकदा जग नव्या आवृत्तीत सेव्ह झालं की ते जुन्या आवृत्तीत परत नेण्याचा खात्रीचा मार्ग नाही. गेम हवा तितक्या वेळा डाऊनलोड करता येतो. जग एकच असतं, आणि पुढची सगळी काळजी त्याचीच घ्यायची आहे.

गेमने घेतलेला बॅकअप त्याच ड्राइव्हवर, गेमच्याच 'बॅकअप्स' फोल्डरमध्ये झिप होऊन पडतो. तेवढ्यावर मी विसंबत नाही. विंडोजच्या रन चौकटीत ॲपडेटाचा पत्ता टाकून माइनक्राफ्टच्या फोल्डरमध्ये जायचं, 'सेव्ह्ज'मधलं आपल्या जगाचं अख्खं फोल्डर उचलायचं आणि पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवायचं. अख्खं म्हणजे अख्खं. फक्त जमिनीचं 'रीजन' फोल्डर कॉपी करायचा सल्ला अजूनही फिरतो, पण १.१७ पासून प्राणी, व्हिलेजर (गावकरी), भिंतीवरच्या आयटम फ्रेम हे सगळं 'एंटिटीज' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये साठवलं जातं. ते कॉपी करायचं राहून गेलं तर परत मिळेल तो किल्ला, पण त्यात चिटपाखरू नसेल.

यानंतर लाँचरमध्ये दोन इन्स्टॉलेशन केली. एक १.१६.५ ला बांधलेलं आणि दुसरं १.२१ चं. दोघांची गेम डिरेक्टरी वेगवेगळी ठेवली. या पूर्ण खटाटोपात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. नव्या डिरेक्टरीत जगाची फक्त प्रत गेली, मूळ जग जुन्या घरातच राहिलं. त्यामुळे चुकून नव्या आवृत्तीत मूळ जग उघडलं जाण्याचा प्रश्नच उरला नाही. गेम ज्यावर चालतो त्या जावा सॉफ्टवेअरचीही चिंता करू नका. १.१८ ला जावा १७ लागतं, १.२०.५ पासून जावा २१ लागतं, पण अधिकृत लाँचर हवं ते जावा स्वतःच आणतो.

आता जमिनीबद्दल, कारण जुन्या जगाचं खरं भवितव्य तिथे ठरतं. १.१८ मध्ये जगाची उंची बदलली. पूर्वी ० ते २५५ होती, आता खाली उणे ६४ पासून वर ३२० पर्यंत, म्हणजे एकूण ३८४ ब्लॉक. जुन्या चंकमध्ये (गेम जग ज्या चौकोनी तुकड्यांत साठवतो ते चंक) जमिनीवरचं काहीही हलत नाही. शून्याच्या पातळीवरचा बेडरॉक (न फुटणारा तळाचा दगड) निघून तिथे डीपस्लेट (खोलवरचा गडद दगड) येतो आणि त्याखाली नव्या गुहा आणि खनिजं तयार होतात. जुन्या-नव्या जमिनीच्या शिवेवर गेम स्वतः उतार जुळवतो. १.१८ च्या आधी अशा शिवेवर सरळ कापल्यासारखे कडे दिसायचे. आमच्या किल्ल्याच्या पूर्वेला ही शीव येते आणि तिथला डोंगर इतका सहज उतरतो की जागा माहीत नसेल तर सापडणार नाही. या कामासाठी मी गेम बनवणाऱ्यांची मनापासून ऋणी आहे.

पण चेरीची बनं, नवे डोंगर, ट्रायल चेंबर (जमिनीखालची लढायची दालनं) हे सगळं फक्त नव्याने तयार होणाऱ्या चंकमध्येच मिळतं. २०२० मध्ये आम्ही घोड्यावरून आणि होडीतून चारही दिशांना भटकलो होतो, म्हणजे जवळपासचा मुलूख सगळा जुनाच. त्यावर उपाय एमसीए सिलेक्टर. हे मोफत सॉफ्टवेअर जगाचा नकाशा उघडतं आणि न लागणारे चंक निवडून पुसू देतं. प्रत्येक चंकमध्ये खेळाडू किती वेळ होता याची नोंद टिकमध्ये असते. सेकंदाला २० टिक, म्हणजे पाच मिनिटांचे ६०००. त्याहून कमी वेळ घालवलेले चंक मी निवडले, मग नकाशा नीट न्याहाळत किल्ला, गाव, रेल्वेचा मार्ग आणि नेदर पोर्टलचा (नेदर या पाताळासारख्या दुसऱ्या जगात जायच्या दाराचा) परिसर हाताने वगळला आणि उरलेले पुसले. हे हाताने वगळणं टाळू नका. कोपऱ्यात पुरून ठेवलेली पेटी पाच मिनिटांच्या हिशोबात बसत नाही. आणि हे सगळं प्रतीवरच, गेम बंद असताना करायचं.

नेदरला हात लावला नाही. त्याचा कायापालट १.१६ मध्येच झाला होता. तुमचं जग त्याहूनही जुनं असेल, तर नेदरमध्ये काही बांधलं आहे का ते आधी पाहून मगच तिथले चंक पुसायचा विचार करा.

मग १.२१ मध्ये प्रत उघडायच्या आधी जगाच्या 'एडिट'मध्ये जाऊन 'ऑप्टिमाइझ वर्ल्ड' चालवलं. तसं केलं नाही तर प्रत्येक जुना चंक तुम्ही तिथे जाल तेव्हा बदलला जातो आणि फिरताना गेम अडखळतो. मोठ्या जगाला याला बराच वेळ लागतो, लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. मधल्या आवृत्त्यांचे टप्पे घेतले नाहीत, १.१६.५ वरून थेट उडी मारली. मॉड (इतरांनी बनवलेली, गेममध्ये भर घालणारी सॉफ्टवेअर) नसलेल्या जगाला ती चालते.

महिनोन्‌महिने खेळल्यावर कळलेल्या गोष्टी आता सांगते, कारण पहिल्या दिवशी सगळं ठीकच दिसतं.

बालेकिल्ल्याखालचा मॉब फार्म मंदावला (मॉब म्हणजे गेममधले जीव; शत्रू मॉब मारून वस्तू गोळा करायची ही रचना). त्याच्या रचनेत काहीच बिघडलं नव्हतं. गेममध्ये शत्रू मॉबची मर्यादा एका खेळाडूमागे ७० असते आणि शून्याखाली तयार झालेल्या नव्या अंधाऱ्या गुहाच त्यातला मोठा वाटा खाऊन टाकत होत्या. जुन्या गुहांमध्ये मशाली लावल्या होत्या, या नव्यांत कोण लावणार! शेवटी फार्म उचलून वर नेला. उभं राहायची जागा २०० च्या उंचीवर घेतली. मॉब खेळाडूपासून १२८ ब्लॉकच्या आतच जन्मतात, म्हणजे ७२ च्या खालचं सगळं हिशोबाबाहेर गेलं. तेव्हापासून हाडं आणि गनपावडर भरपूर मिळतंय.

उलट बाजूने एक सुख झालं. पूर्वी प्रकाश ७ किंवा त्याहून कमी असला की मॉब यायचे, १.१८ पासून पूर्ण अंधार लागतो. तटबंदीवरच्या दर चार पावलांच्या मशाली काढून टाकल्या आणि मोजक्या कंदिलांत किल्ला रात्री किल्ल्यासारखा दिसायला लागला.

रेड फार्म, म्हणजे गावावर टोळीचा हल्ला ओढवून लूट मिळवायची रचना, मात्र बंद पडला. १.२१ मध्ये टोळीच्या म्होरक्याला मारून थेट बॅड ओमेन (हल्ला ओढवणारा अपशकुन) मिळत नाही. त्याच्याकडून अशुभ बाटली मिळते, ती प्यावी लागते. जुनी रचना यावर चालत नाही, फार्म नव्याने बांधावा लागतो. व्हिलेजरना पुन्हापुन्हा झोंबी करून बरं करत भाव पाडायची युक्तीही १.२०.२ पासून तशी चालत नाही. नेदराइटच्या (नेदरमधल्या मजबूत धातूच्या) जुन्या तलवारी आणि चिलखतं जशीच्या तशी आली, पण नवं काही बनवायचं तर आता बॅस्टियनमधून (नेदरमधल्या पडक्या गढीतून) टेम्पलेट आणावं लागतं.

ज्यांचं जग मॉडवर उभं आहे, म्हणजे मॉडने दिलेल्या ब्लॉकचीच घरं आणि यंत्रं आहेत, त्यांनी ते नव्या आवृत्तीत नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो मॉड नव्या आवृत्तीसाठी निघाला नसेल तर ते ब्लॉक नाहीसे होतात. लाँचरमध्ये जुनी आवृत्ती आजही मिळते, तिथेच खेळा. नुसता वेग वाढवणारे सोडियमसारखे मॉड असतील तर ते आधी काढा, जग साधं उघडून तपासा आणि मग नव्या आवृत्तीसाठीची फाइल घाला.

आणि लॅपटॉप फार जुना असेल तर आधी ग्राफिक्स पाहा. १.१७ पासून ओपनजीएल ३.२ (ग्राफिक्स कार्डने चालवायची चित्रप्रणाली) लागतं, ते नसेल तर गेम उघडतच नाही. भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर हेच झालं. म्हणून तो सुट्टीत आला की माझ्याच लॅपटॉपवर बसतो. सध्या सुवेळा माचीवरून नेढ्यापर्यंतची वाट त्याने खणायला घेतली आहे.