व्हेनिसचा व्हापोरेत्तो पास: घ्याच!

व्हेनिसमधे दोन-तीन दिवस राहणार असाल तर व्हापोरेत्तोचा म्हणजे तिथल्या पब्लिक बोटीचा पास पहिल्याच दिवशी काढून टाका, कारण सुट्टं तिकीट साडेनऊ युरो आणि ते पण फक्त 75 मिनिटं चालतं, त्यामानाने 3 दिवसांचा पास 45 युरोला म्हणजे खूपच परवडतो. एकच लक्षात ठेवा, दर वेळी चढायच्या आधी मशीनला पास लावायचाच, नाहीतर दंड.

खरी मजा 1 नंबरच्या बोटीत. स्टेशनसमोरून मिळते आणि ग्रँड कॅनालभर जवळजवळ प्रत्येक स्टॉपला थांबत सान मार्कोला म्हणजे तिथल्या मुख्य चौकापाशी जाते, पाऊणएक तास लागतो पण दोन्ही बाजूंचे जुने वाडे, पाण्यात उतरलेल्या पायऱ्या, मधेच 1591 मधे पूर्ण झालेला रिआल्तो पूल... शक्यतो सकाळी लवकर जा, दुपारी उभं राहायलाही जागा मिळत नाही आणि काही दिसत नाही. मला तर संध्याकाळची फेरी सगळ्यात आवडली.

याच पासवर 12 नंबरच्या बोटीने मुरानो, बुरानो ही जवळची बेटं पण होतात. मुरानोला काचेच्या भट्ट्या आहेत, आगीच्या भीतीने 1291 मधे शहरातून तिकडे हलवलेल्या. घाई असेल तर मुरानो सोडा पण बुरानोची रंगीत घरं बघाच.

गोंडोला महाग वाटतोय? मग त्राघेत्तोने म्हणजे या काठावरून त्या काठाला नेणाऱ्या साध्या नावेने ग्रँड कॅनाल ओलांडा, साधारण 2 युरोत काम होतं, पासमधे मात्र ते येत नाही.