एक्स-रे स्वच्छ होता, नळी आतून फाटलेली होती

२४,५०० रुपये. माझ्या सायकलच्या फ्रेमच्या दुरुस्तीचे १८,५००, तपासणीचे ४,२०० आणि वरच्या क्लिअर कोटचे, म्हणजे पारदर्शक थराचे, १,८००. तिन्ही पावत्या माझ्याकडे आहेत. कॉलरबोनच्या ऑपरेशनचे ८६,३०० वेगळे. आकडे आधीच लिहिते, कारण "एका सायकलसाठी एवढं काय" हे मी चार ठिकाणी ऐकून आले आहे.

खराब वस्तूवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, रंग मारायचा आणि नव्यासारखी करून दिली म्हणायचं, हा प्रकार कुणाला नवा नाही. पण लोखंडाच्या पत्र्यावर लांबी भरली तर नुकसान पैशाचं. कार्बन फायबरच्या फ्रेमवर भरली तर जिवाशी गाठ. माझी फ्रेम दुरुस्त करणारा माणूस हे जाणून होता. मला राग त्याचा आहे.

माझी कार्बन फ्रेमची सायकल गाडीवरच्या स्टँडवरून निसटली आणि तिची डाउन ट्यूब (हँडलखालून पेडलकडे उतरणारी नळी), हेड ट्यूबपासून (हँडलखालची उभी आखूड नळी) चार बोटांवर, लोखंडी कठड्याच्या कोपऱ्यावर आदळली. वर दिसत होता नखाएवढा खळगा आणि रंगात चांदणीसारखी बारीक चीर. ॲल्युमिनियम असतं तर पोचा पडला असता आणि जे झालं ते डोळ्यांना दिसलं असतं. कार्बनचं तसं नसतं. तंतू जेमतेम ७ मायक्रॉनचा, केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. असे हजारो तंतू इपॉक्सी रेझिनने, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकटीने, बांधून थरावर थर चढवलेले असतात. तंतूच्या दिशेने ओढलं तर ताकद प्रचंड, पण थर एकमेकांना धरून असतात ते फक्त रेझिनच्या जोरावर, आणि रेझिनची ताकद तंतूच्या चाळीसाव्या-पन्नासाव्या हिश्श्याची. मार बसला की आधी रेझिन तडकतं, ती तड दोन थरांच्या मध्ये शिरते आणि आडवी पसरते. आत जावं तशी इजा रुंद होत जाते. बाहेर नखाएवढा डाग, आत तळव्याएवढी फाट. विमानांच्या देखभालीतही याच 'न दिसणाऱ्या' इजेची सगळ्यात जास्त धास्ती असते.

हे मला तेव्हाही ठाऊक होतं. नऊ वर्षं लांब पल्ल्याची सायकल चालवते आहे, डोळे मिटून कुणाच्या हातात दिली नव्हती. दुरुस्ती करणाऱ्याला दोन तास प्रश्न विचारले. तो एकेका प्रश्नाला बरोबर उत्तर देत गेला. "ताई, खराब थर कापून काढणार, कडा तिरप्या घासणार, जुन्या तंतूंच्याच दिशेने नवे थर बसवणार, उष्णता देऊन पक्के करणार. मग तपासणी करून रिपोर्ट देणार." खरी दुरुस्ती अशीच असते. तुटलेला तंतू पुन्हा जुळत नाही. त्याच्यावरचा भार चिकटीतून नव्या थरात न्यावा लागतो, म्हणून कडा खूप लांबवर उतरती करावी लागते, विमानाच्या कामात एक मिलिमीटर खोलीला वीस मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त. त्याला सगळं तोंडपाठ होतं. माहिती असलेला माणूस फसवणार नाही असं मी धरून चालले. तिथेच चुकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला, "ताई, घेऊन जा."

हा पहिला इशारा होता. थर कापायचे, बसवायचे, रेझिन पक्कं व्हायचं, मग रंग, मग तपासणी. साधं इपॉक्सी घरच्या तापमानाला पूर्ण ताकदीला यायला आठवडा घेतं; भट्टीत घातलं तरी एवढी सगळी कामं दीड दिवसात उरकत नाहीत. मला वाटलं, जलद काम करतो.

गेले तर टेबलावर पांढरी धूळ पसरली होती. कार्बन घासला की भुकटी काळी पडते, पांढरी पडते ती लांबीची. पाहिली, आणि कुणा दुसऱ्याचं काम असेल म्हणून सोडून दिली. दुरुस्तीच्या जागी विणीची नक्षी दिसत होती, अगदी सरळ, ओळीत. कार्बन तंतूंचं खरं कापड गोल नळीवर बसवताना कुठेतरी तिरकं होतं, ताणलं जातं. ही नक्षी छापल्यासारखी होती, कारण ती छापलेलीच होती. "काय सुंदर काम केलंय" असं मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की आजही रात्री झोप उडते.

आणि तो क्षण. सायकल उचलताना माझी अंगठी डाउन ट्यूबवर आपटली. टण्. सहज पुढे सरकवत नेली. टण्, टण्, टण्, आणि दुरुस्तीच्या जागी भद्. ओल्या लाकडावर बोट वाजवावं तसा आवाज. मी थांबले. पुन्हा वाजवलं. पुन्हा भद्. थर सुटले की आवाज मेल्यासारखा येतो, नाण्याने वाजवून बघायची ही सगळ्यांत जुनी आणि फुकटची चाचणी. माझ्या हातून ती आपोआप झाली होती आणि तिने उत्तरही दिलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "रंगाचा थर जाड आहे ना तिथे, म्हणून." आणि एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली. "बघा, एकही तडा नाही."

खरंच नव्हता. फिल्म खोटी नव्हती, आणि मला गप्प करायला तीच पुरली. एक्स-रेला दिसतो तो पदार्थाच्या जाडीतला फरक. दोन थर एकमेकांपासून सुटले, पण पृष्ठभागाला समांतरच राहिले, तर किरणांच्या वाटेत पदार्थ तेवढाच राहतो. फिल्मवर काही उमटत नाही. अशी फाट शोधायला अल्ट्रासाउंड लागतं, किंवा भाग किंचित तापवून उष्णता कुठे अडते ते बघावं लागतं. त्याने मुद्दाम तीच तपासणी निवडली जिच्यात फाट दिसणार नव्हती, आणि तिचे ४,२०० रुपये माझ्याकडूनच घेतले. कुणी कार्बनच्या दुरुस्तीसोबत नुसता एक्स-रे दाखवला तर पैसे देऊ नका, तिथून उठा.

पुढचे सोळा दिवस सायकल चालली. कशी चालली, हे मला पोलिसांनीही विचारलं, म्हणून सांगते. नुसतं बसून चालवताना डाउन ट्यूबवर ताण ओढीचा असतो. थर सुटलेले असले तरी शाबूत तंतू ओढ सहन करतात. दाब आला की गोष्ट बदलते. वहीची पानं चिकटवून एक पुठ्ठा केला तर उभा राहतो, सुटं पान उभं धरलं की वाकतं. जाडी निम्मी झाली की वाकण्याला विरोध आठव्या हिश्श्यावर येतो. दोन सुटे पदर मिळूनही मूळच्या चौथाईच. पुढचा ब्रेक जोरात दाबला की डाउन ट्यूबवर दाब येतो. सोळाव्या दिवशी उतारावर गतिरोधक दिसला, मी ब्रेक दाबला. कडाड् एवढाच आवाज. नळी वाकली नाही, आधी कुरकुरली नाही, एका क्षणात दोन तुकडे.

कुरकुरली नाही, हे खरं नाही. अकराव्या दिवशी चढावर उभं राहून पेडल मारताना एक 'कट्' ऐकला होता. सीट पोस्टचा, म्हणजे सीटखालच्या दांड्याचा, असेल म्हणून ग्रीस लावलं. टायटॅनिकचे अवशेष बघायला जाणाऱ्या टायटन पाणबुडीच्या चौकशीत आलेलं मी नंतर वाचलं: १५ जुलै २०२२ ला वर येताना कार्बनच्या सांगाड्यातून मोठा आवाज आला, त्यानंतर ताणाची मोजमापं बदललेली दिसत होती, तरी ती पुढेही पाण्यात गेली, आणि १८ जून २०२३ ला ती फुटून आतली पाच माणसं गेली. तंतू तुटताना, थर सुटताना आवाज होतोच. कार्बनमधून नवा आवाज आला की तिथेच उतरायचं. घरापर्यंतसुद्धा चालवायची नाही.

तुटलेल्या तोंडाशी पाहिलं तर जवळजवळ दोन मिलिमीटर पांढरी लांबी, तिच्यावर विणीचा छापील स्टिकर, वर क्लिअर कोट. नवा तंतू एकही नाही. खाली माझी जुनी चीर, घासलेलीसुद्धा नाही.

आता पोलीस ठाणं. हात गळ्यात बांधलेला असताना तीन खेपा घातल्या. "मॅडम, हे दिवाणी प्रकरण आहे." मी म्हटलं, साहेब, यात लांबी आहे, बघा. त्यांनी विचारलं, "पडलात म्हणून तुटली, की तुटली म्हणून पडलात?" नेमक्या याच प्रश्नाचं उत्तर त्या तुटलेल्या तोंडात होतं. जुनी फाट घासून घासून मळकट, गुळगुळीत झालेली असते, आतल्या बाजूंना भुकटी असते. ताजी तूट टोकदार आणि चमकदार. ते सांगत असतानाच त्यांच्या सहकाऱ्याने दोन्ही तुकडे उचलले आणि जुळतात का बघायला एकमेकांत दाबले. करकर आवाज झाला. मी ओरडले. तोवर तंतू चुरडले गेले होते. तुमच्यावर वेळ आली तर तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, पुसू नका, आणि कुणालाही, अगदी कुणालाही जोडून बघू देऊ नका.

विमा कंपनीचा सर्व्हेअर अकरा मिनिटं थांबला आणि 'वापरामुळे झीज' असं लिहून गेला. कार्बन असा कुठे झिजतो ते त्यालाच ठाऊक. ग्राहक तक्रारीच्या ठिकाणी म्हणाले, तज्ज्ञाचा अहवाल आणा. सरकारी प्रयोगशाळा म्हणाली, खाजगी माणसाचा नमुना घेत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, गुन्हा नोंदल्याशिवाय पत्र नाही. गुन्हा का नोंदत नाही? अहवाल नाही म्हणून. हे गोल फिरणं सात आठवडे चाललं. शेवटी एका खाजगी प्रयोगशाळेला ११,८०० रुपये भरले. त्यांनी लांबी आणि स्टिकर असल्याचं लिहून दिलं, आणि पुढे एक ओळ: 'तुटलेले पृष्ठभाग नंतर हाताळल्याने खराब झाल्यामुळे तुटण्याचा क्रम निश्चित सांगता येत नाही.' ती ओळ ज्यांच्या हातांमुळे आली, त्यांच्याच टेबलावर तो अहवाल आज पडून आहे.

त्या माणसाला फोन केला होता. "ताई, तुम्ही ओव्हरलोड केली असणार." माझं वजन ५४ किलो आहे.

त्याचं नाव वकिलांनी लिहू दिलेलं नाही. पण कुणाकडे दीड-दोन दिवसांत दुरुस्त होऊन आलेली फ्रेम असेल, पावतीसोबत एक्स-रेची फिल्म जोडलेली असेल, तर उद्या चालवू नका. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर वजन केलं असेल तर ताडून बघा. माझी १४० ग्रॅमने वाढली होती, हे मी घरच्या काट्यावर पाहिलं होतं आणि रंगाचं वजन म्हणून सोडून दिलं होतं. नाणं घेऊन नळीभर वाजवा. भद् आला तर मला कळवा. अशी आणखी एक तक्रार आली तर गुन्हा नोंदवू, असं ठाण्यात सांगितलं आहे.